वर्तकनगर, सात मजली सोसायटी – हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी तार कुठे टाकू? बाल्कनीत नॉइझ एस९ आहे

वर्तकनगर_तार:

नमस्कार मंडळी, ठाण्यात वर्तकनगरला राहतो, सात मजल्यांची जुनी सोसायटी, आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मागच्या वर्षी हॅम (हौशी) रेडिओची परीक्षा दिली, लायसन्सची रिस्ट्रिक्टेड ग्रेड मिळाली, व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाईन आला त्या दिवशी आईने शेजारी पेढे वाटले. सेट सेकंडहँड घेतलाय, १०० वॅटचा आहे पण आपल्या ग्रेडला ५० वॅटची मर्यादा म्हणून पॉवर खाली आणून ठेवलीय.

आता अडचण सांगतो. बाल्कनीच्या ग्रिलपासून समोरच्या गुलमोहराच्या फांदीपर्यंत साधारण १२ मीटर तार टाकली, सेटमधला ट्यूनर (तार सेटशी जुळवणारा) टिकटिक करून मॅच दाखवतो, सगळं ठीक वाटतं, पण ७ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० मीटर बँडवर, गेलं की नुसता घर्रर्र आवाज, सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर एस९ वर चिकटलेला, दिवसा पण आणि रात्री पण. मोठी स्टेशनं त्याच्यावरून कशीबशी ऐकू येतात, बाकी काही नाही. माझा मावसभाऊ कोल्हापूरला आहे, त्याच्याकडे पण लायसन्स आहे, दोघांनी ठरवलंय की दर रविवारी सकाळी रेडिओवर बोलायचं. तीन रविवार झाले, तो म्हणतो तू मला अगदी बारीक ऐकू येतोस, मला तर तो एकदाही ऐकू आलेला नाही. रोज संध्याकाळी कामावरून आलो की हेडफोन लावून बसतो आणि तासाभराने डोकं दुखायला लागतं.

गच्ची मोठी आहे, टेपने मोजली, १८ मीटर बाय ११ मीटर. मधे जिन्याची खोली, तिच्यावर पाण्याची टाकी, एका कोपऱ्यात सोलर हीटर आणि लिफ्टची मशीनरूम. सेक्रेटरी काका चांगले आहेत पण मागच्याच वर्षी सोसायटीने वॉटरप्रूफिंग करून घेतलंय त्यामुळे गच्चीवर खिळा मारायचं नावही काढता येत नाही. प्रश्न असा की गच्चीवर नेमका कुठला अँटेना बसेल, १०० ऐवजी ५० वॅट असल्यामुळे मी कमी पडतोय का, आणि हा नॉइझ गच्चीवर गेल्यावर जाईल की तिथेही हेच?

---

चरई_जुना_तारवाला:

अभिनंदन, आणि पेढ्यांबद्दल आईंना नमस्कार सांगा. मी चरईत राहतो, ऐंशीच्या दशकापासून हवेत आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वाचायचा कंटाळा करू नका.

वॅटचा विचार आधी डोक्यातून काढा. ५० चे १०० वॅट केले तर समोरच्याच्या मीटरवर ३ डीबी (डेसिबल) वाढतात, म्हणजे अर्धा एस युनिट, बास. एक एस युनिट म्हणजे ६ डीबी. तुमच्याकडचा नॉइझ एस९ वरून एस५ वर आणला तर २४ डीबी कमावले, पॉवरच्या भाषेत अडीचशे पट. कोल्हापूरवाल्याला तुम्ही ऐकू येता आणि तुम्हाला तो येत नाही याचा अर्थच तुमचा सिग्नल जातोय, तुमचे कान बंद आहेत. तेव्हा पहिलं काम कानांचं.

ते कसं करायचं? मोटरसायकलची किंवा यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी आणा, सेट तिच्यावर चालवा, फक्त ऐकायला, ट्रान्समिट करू नका कारण त्या बॅटरीला तेवढा करंट झेपणार नाही. मग घरच्यांना सांगून घराचा मेन स्विच पाच मिनिटं बंद करा आणि मीटर बघा. जर नॉइझ धाडकन खाली आला तर चोर घरातच आहे, मग मेन चालू करून एकेक एमसीबी टाकत जायचं, ज्याने घर्रर्र परत येतो त्या लाइनवरच्या वस्तू एकेक प्लगमधून काढायच्या. वहीत लिहून ठेवा कुठल्या वस्तूने किती वाढला, नाहीतर तिसऱ्या दिवशी काही आठवत नाही. मेन बंद करूनही खाली आला नाही तर शेजारचा किंवा लिफ्टचा, त्याचं नंतर बघू.

दुसरं, अँटेना. तुमची गच्ची १८ बाय ११, म्हणजे कर्ण २१ मीटरच्या जरासा वर. ४० मीटरचा डायपोल (मधे केबल, दोन्हीकडे सारख्या लांबीची तार) मोजायचा तर १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.१ ला २० मीटर आणि थोडं, म्हणजे एकेक पाय १० मीटरचा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आरामात बसतो, देवाने तुमच्यासाठीच बांधलेली गच्ची आहे! जिन्याच्या खोलीला टेकवून ६ मीटरचा बांबू किंवा फायबरची काठी उभी करा, फीडपॉइंट (केबल जोडायची मधली जागा) वर, दोन्ही पाय उतरते दोन कोपऱ्यांकडे, टोकं गच्चीपासून २ मीटरवर राहतील अशी. याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. उतार दिला की जागा एका बाजूला ९ मीटरच्या जरा वर, म्हणजे एकूण १८ मीटरच्या आसपासच लागते, आणि फीडपॉइंटचा इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) पण ५० ओमकडे सरकतो, कोअॅक्सला (अँटेनापासून सेटपर्यंतच्या केबलला) बरं.

खिळा मारायचा नाही ना, नका मारू. पेंटची २० लिटरची रिकामी बादली घ्या, मधे पाइपचा तुकडा उभा धरून काँक्रीट ओता, एकेक बादली ४५-४८ किलोची होते. टोकांच्या दोऱ्या बांधायला कोपऱ्यात एकेक. मधला बांबू मात्र नुसत्या बादलीवर ठेवायचा नाही, तो टाकीच्या कॉलमला दोन ठिकाणी घट्ट बांधायचा आणि वरून तीन बाजूंना ताणाच्या दोऱ्या. जूनमधला वारा गंमत नाही. खाली रबराची चटई टाका म्हणजे वॉटरप्रूफिंगला बादली घासणार नाही, आणि ही चटई सेक्रेटरींना मुद्दाम दाखवा.

दोरी साधी नायलॉनची घेऊ नका, आपल्या उन्हात वर्षा-दीड वर्षात पिठासारखी भुगा होते. चेंदणी कोळीवाड्यात मासेमारीच्या सामानाच्या दुकानात जाळ्यांना वापरतात ती दोरी मिळते, खाऱ्या पाण्याला आणि उन्हाला टिकणारी, मी गेली कित्येक वर्षं तीच वापरतोय. तार घरगुती वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड चालते. फक्त लक्षात ठेवा, वर पीव्हीसीचं आवरण असलं की अँटेना हिशोबापेक्षा लांब असल्यासारखा वागतो, तेव्हा १०.३ मीटर कापा आणि मग टोकं मागे दुमडत दुमडत जागेवर आणा. कापून टाकू नका, दुमडा. कापलेली तार परत लांब होत नाही.

आमच्या लहानपणी घराघरात भिंतीला तांब्याच्या जाळीची पट्टी असायची, इंचभर रुंद, ती रेडिओची एरियल, आणि वडील दरवर्षी पोस्टात जाऊन रेडिओच्या लायसन्सची फी भरून यायचे. तेव्हा त्या पट्टीवर सिलोन खणखणीत लागायचं कारण घरात आवाज करणारं काहीच नव्हतं, दोन बल्ब आणि एक पंखा. आता तेवढ्याच खोलीत वीस चार्जर आहेत.

---

ऐरोली_क्यूआरपी:

काकांचं सगळं मान्य पण मी एंड फेडचा (मधे नाही, एका टोकाला केबल जोडलेली तार) पर्याय सुचवेन. डायपोलला मधे कोअॅक्स लोंबकळतो, त्याचं वजन बांबूच्या टोकाला येतं, गच्चीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते मधे दिसतं आणि पहिली तक्रार तिथूनच येते. एंड फेड हाफ वेव्हला एका टोकाला ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, तिथून २० मीटर तार, आणि तीच तार ४०, २०, १५, १० चारही बँडवर चालते. ट्रान्सफॉर्मर घरी होतो, २.४ इंची ४३ नंबरच्या फेराईट कोअरवर २ वेढे प्रायमरी आणि १४ सेकंडरी, प्रायमरीवर १०० पिकोफॅरडचा हाय व्होल्टेज कॅपॅसिटर. कोअर लॅमिंग्टन रोडला विचारा, पण विकणाऱ्याला मिक्स नंबर (फेराईटच्या प्रकाराचा नंबर) विचारून घ्या, काळा दिसतो म्हणून सगळा फेराईट सारखा नसतो, मी एकदा नंबर न विचारता पिवळा-पांढरा आयर्न पावडरचा कोअर घेऊन आलो होतो, तो या कामाचा नाही.

माझी कथा पण सांगतो कारण ऐरोली-कळव्याकडच्या लोकांना उपयोगी पडेल. आमच्याकडून हाय टेन्शनच्या लाइनी जातात, कळव्याचं मोठं सबस्टेशन जवळ. मी दोन वर्षं समजत होतो की माझा नॉइझ त्या लाइनींचा आहे आणि त्याला काही इलाज नाही. मग एक दिवस पावसाची सर आली आणि एक प्रकारचा तडतड आवाज थांबला पण मुख्य घर्रर्र तसाच राहिला. तेव्हा कळलं की इन्सुलेटरवरच्या धुळीचा तडतडाट वेगळा, तो सर आली की धुतला जातो, आणि माझा घर्रर्र वेगळा. घर्रर्र निघाला वायफायच्या अडॅप्टरचा. दोन वर्षं लाइनींना नावं ठेवत बसलो त्याचं अजून वाईट वाटतं.

---

चरई_जुना_तारवाला:

ऐरोलीकर, एंड फेड चांगला आहे, मी स्वतः डोंगरावर नेतो. पण या सोसायटीच्या गच्चीसाठी मी सांगणार नाही, दोन कारणं. एक, त्याचा उरलेला अर्धा हिशोब कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवर पूर्ण होतो, म्हणजे कोअॅक्सच अँटेनाचा भाग होतो आणि तो कोअॅक्स चार मजले खाली घरांच्या वायरिंगला घासून जाणार, सगळ्या सोसायटीचा नॉइझ उचलून सेटमधे आणणार. चोक (केबलच्या बाहेरून धावणारा करंट अडवणारी फेराईटची रिंग) लावून कमी करता येतं पण मग काउंटरपॉइज (अँटेनाची दुसरी बाजू म्हणून जोडलेली तार) वेगळा द्यावा लागतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. त्या टोकाला इम्पीडन्स अडीच हजार ओमच्या घरात, ५० वॅटला तिथे साडेतीनशे व्होल्ट आरएमएस उभे राहतात. गच्चीवर एप्रिल-मे मधे बायका पापड-कुरडयांची वाळवणं घालतात, जानेवारीत पोरं पतंग उडवतात. हात लागला तर शॉक नाही, भाजतं, आरएफ बर्न म्हणतात त्याला, आणि ती जखम आतून असते. डायपोलच्या टोकांना पण व्होल्टेज असतंच, म्हणून मी २ मीटरच्या वर म्हटलं, शक्य असेल तर अडीच करा आणि टोकाला शेवटचा मीटरभर दोरी असू दे. पण एंड फेडचा ट्रान्सफॉर्मर लोक सोयीसाठी कठड्याला हाताच्या उंचीवर लावतात, तिथे मला भीती वाटते.

---

ऐरोली_क्यूआरपी:

वाळवणाचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता काका. बरोबर आहे. डायपोलच टाका मग. पण फीडपॉइंटला चोक घालायला विसरू नका, ३१ नंबरच्या मोठ्या रिंगवर आरजी-५८ चे १०-१२ वेढे. फेराईटशिवाय नुसती कोअॅक्सची गुंडाळी करून टांगतात काही जण, ७ मेगाहर्ट्झवर ती नीट पुरत नाही. आणि अजून एक चोक घराच्या खिडकीपाशी, जिथे कोअॅक्स आत येतो.

---

वर्तकनगर_तार:

मंडळी, काल रात्री प्रयोग केला!! यूपीएसची बॅटरी काढली, सेट जोडला, आईला सांगितलं पाच मिनिटं लाइट जाईल, ती म्हणाली सिरियल संपू दे, मग साडेनऊला मेन बंद केला. मीटर एस९ वरून थेट एस५ आणि अर्धा. मी अंधारात बसून आयुष्यात पहिल्यांदा ४० मीटरवर माणसं बोलताना ऐकली, स्वच्छ, एक जण दक्षिणेकडचा वाटला आणि एक इंडोनेशियन, अंगावर काटा आला हो.

मग एकेक एमसीबी. बेडरूमने काही झालं नाही. किचनने एक एस युनिट वाढला, तो सिंकवरचा एलईडी बल्ब. हॉल टाकला आणि सगळा घर्रर्र परत. हॉलमधे टीव्ही, वायफाय, चार्जर, सगळे काढले, थोडा कमी झाला पण जाईना. शेवटी मी बाबांचा जुना पॉकेट ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हला रिकाम्या जागी लावून हॉलमधे हातात घेऊन फिरलो. टीव्हीपाशी थोडा, खिडकीपाशी काही नाही, आणि देवघरापाशी गेल्यावर तो असा किंचाळला की आई आतून बाहेर आली. देव्हाऱ्याला गेल्या दिवाळीत लावलेली एलईडीची माळ, ती चोवीस तास चालू असते, तिचा तो छोटा प्लास्टिकचा अडॅप्टर! वजनाला हलका, आत फिल्टर म्हणून काही नसावंच. माळ काढली, मीटर एस६ वर.

आईला समजावलं, तिने एका वाक्यात सोडवलं, म्हणाली देवाला समई आहे की, माळ कुणी मागितली होती. आता संध्याकाळी समई असते आणि माळ बॉक्समधे गेली. वायफायचा अडॅप्टर बदलायला आणलाय. आता उरला तो एक टकटक आवाज, लिफ्ट वर-खाली जाताना येतो आणि लिफ्ट थांबली की थांबतो.

आता कमिटीचं सांगा, रविवारी मीटिंग आहे. काय बोलू?

---

सीवूड्स_लूप:

वाह, देवघरातली माळ! मी पण एकदा ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरले होते, माझ्याकडे गोंगाट निघाला पंख्याचा. नवीन बीएलडीसी पंखा, वीज कमी खातो पण ७ मेगाहर्ट्झवर दर ठरावीक अंतराने एक पट्टा. रेग्युलेटरवर नाही, पंख्याच्या आतल्या सर्किटचा. त्याच्या वायरीवर क्लिपवाला फेराईट लावून तीन वेढे दिले तेव्हा ऐकण्यासारखं झालं. वेढे जितके तितक्या पटीने नाही, वेढ्यांच्या वर्गाने परिणाम वाढतो, एकाच्या जागी तीन वेढे म्हणजे नऊ पट, म्हणून मोठ्या भोकाची क्लिप घ्या.

मी सीवूड्सला १४व्या मजल्यावर भाड्याने राहते, आमच्या मालकांनी गच्चीचं नाव काढू नका असं पहिल्याच दिवशी सांगितलं, त्यामुळे ज्यांना गच्ची नाही त्यांच्यासाठी लिहून ठेवते. बाल्कनीत मॅग्नेटिक लूप आहे माझा. एसीच्या तांब्याच्या नळीचा गोल, घेर ३ मीटर, म्हणजे व्यास मीटरभराच्या जरा आत, वर व्हेरिएबल कॅपॅसिटर. २० मीटर बँडला मस्त चालतो, १० वॅटवर युरोपची स्टेशनं लागतात. ४० मीटरला एवढ्या लहान गोलाचं काही खरं नाही, रेडिएशन रेझिस्टन्स घेराच्या चौथ्या घाताने पडतो, सगळी पॉवर तांबं गरम करण्यात जाते. त्याची दोन वैशिष्ट्यं. पहिलं, तो इतका अरुंद ट्यून होतो की १५-२० किलोहर्ट्झ सरकलात की परत कॅपॅसिटर फिरवा. दुसरं, १० वॅटला पण कॅपॅसिटरवर दीड-दोन हजार व्होल्ट येतात, त्यामुळे रेडिओच्या जुन्या गँग कॅपॅसिटरच्या पत्र्यांमधे ठिणग्या उडतात, पत्र्यांमधलं अंतर मोठं पाहिजे. मी ट्रान्समिट करताना बाल्कनीचं दार लावून आत दोन-तीन मीटरवर बसते आणि घरात लहान मूल आहे म्हणून १० वॅटच्या वर कधीच जात नाही.

पण त्याची खरी मजा ऐकण्यात आहे. गोल हळूहळू फिरवत गेलं की एका कोनात समोरच्या बिल्डिंगचा नॉइझ जवळजवळ नाहीसा होतो, स्टेशन तसंच राहतं. दुपारी चहा झाल्यावर एकटीच फिरवत बसते कधीकधी. पारसिक डोंगराच्या बाजूला तोंड केलं की खाडीकडचा सगळा गोंगाट बंद.

दादा, तुमच्याकडे गच्ची आहे, नशीबवान आहात, डायपोल टाकाच.

---

चरई_जुना_तारवाला:

देवघराचं वाचून फार बरं वाटलं, आईंना परत एकदा नमस्कार.

कमिटीचं. मी आमच्या सोसायटीत तीन वेळा कमिट्या बदलताना हे केलंय. तोंडी मागू नका, एक पानाचं पत्र मराठीत द्या. सोबत लायसन्सची झेरॉक्स, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचं लायसन्स आहे हे पहिल्या ओळीत लिहा, कारण बहुतेकांना वाटतं हे मोबाइल टॉवरसारखं काहीतरी आहे आणि रेडिएशनची भीती डोक्यात असते. पण त्याच पत्रात हेही प्रामाणिकपणे लिहा की लायसन्स म्हणजे गच्चीवर हक्क नाही, परवानगी तुम्हीच द्यायची आहे. माणसं या एका वाक्याने मऊ होतात. मग मापं: एक बांबू, दोन तारा, किती उंचीवर, एकही छिद्र नाही, बादल्यांखाली चटई, आणि वॉटरप्रूफिंग किंवा रंगकाम निघालं तर अर्ध्या दिवसात सगळं उतरवून देईन. कुणाच्या टीव्हीत किंवा स्पीकरमधे माझा आवाज आला तर ताबडतोब बंद करून आधी त्यांचं बघेन, हे लिहा आणि खरंच पाळा.

उपयोग काय विचारतील. मी २६ जुलै २००५ आठवून देतो. सांताक्रूझला चोवीस तासात ९४४ मिलीमीटर पडला, आपल्याकडे फोन लागत नव्हते, माणसं दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत घरी आली. आणि डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांची हॅम टीम योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होती, बाकी संपर्क तुटल्यावर अंदमानातल्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना त्यांच्या रेडिओवरून गेली. हे भाषणासारखं सांगू नका, कुणी विचारलं तर सांगा. त्यापेक्षा मीटिंगच्या आधी सेक्रेटरींना घरी चहाला बोलवा आणि त्यांच्या हातात हेडफोन द्या. मेन बंद करून जे ऐकलंत तेच त्यांना ऐकवा.

लिफ्टची टकटक मशीनरूममधल्या व्हीएफडी ड्राइव्हची (मोटरचा वेग बदलणाऱ्या सर्किटची) असणार, त्याला हात लावू नका, तो लिफ्ट कंपनीचा प्रांत. डायपोलचा एक पाय तिकडे जाणार असेल तर दुसरा कर्ण वापरा. तुमचा कोअॅक्स मशीनरूमच्या केबलींबरोबर एकाच डक्टमधून खाली आणू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

---

वर्तकनगर_तार:

परवानगी मिळाली, सहा महिन्यांसाठी, मग परत बघू म्हणाले. सेक्रेटरी काका चहाला आले तेव्हा हेडफोनवर कुणीतरी मल्याळममधे बोलत होतं आणि त्यांची बदली पूर्वी कोचीनला होती, त्यांना कळत होतं काय बोलतायत ते! अर्धा तास उठलेच नाहीत.

काल रविवारी बसवला. भाचा आणि बी विंगमधला एक मित्र मदतीला. बांबू मंडपवाल्याकडून, दोरी चेंदणीतून, बादल्या गुरुवारीच ओतून ठेवल्या होत्या. मशीनरूमपासून लांबचा कर्ण घेतला. एकेक पाय १०.३ मीटर कापला, मित्राच्या नॅनोव्हीएनएवर (अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ते आलेखात दाखवणारं छोटं यंत्र) बघितलं तर आलेखातली दरी, म्हणजे जुळणीची जागा, ६.७४ मेगाहर्ट्झला. हिशोब केला, १०.३ गुणिले ६.७४ भागिले ७.१, आलं ९.७८, म्हणजे प्रत्येक टोकाला ५२ सेंटिमीटर दुमडायचं. चार वेळा खाली-वर केलं, दोरी सोड, दुमड, टाय बांध, परत ओढ. भाच्याच्या तळहाताला दोरीचे वळ उठले पण सोडायला तयार नाही. शेवटी ७.०९ ला दरी, एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, १ म्हणजे पूर्ण जुळणी) १.३. ट्यूनर बंदच ठेवला. २१ मेगाहर्ट्झवर पण दरी दिसली, तिप्पट फ्रिक्वेन्सीला तीच तार चालते हे पुस्तकात वाचलं होतं, स्क्रीनवर बघितलं तेव्हा पटलं. कोअॅक्स २२ मीटर आरजी-५८, पुढच्या बाजूने पावसाच्या पाइपाला धरून खाली आणला, चोक दोन्हीकडे.

नॉइझ आता एस४. लिफ्ट चालली तर एस५, कान सवयीने बाजूला करतो.

कोल्हापूरचं सांगतो. रविवारी पहाटे उत्साहात साडेसहाला हाक मारली होती (आधीच्या बाल्कनीच्या तारेवर, शेवटची), काही नाही. गच्चीवरचं काम सव्वादहाला संपलं, खाली धावत आलो, घाम पुसायच्या आधी माइक उचलला. पहिल्याच हाकेला मावसभाऊ आला, ५९ (म्हणजे स्वच्छ आणि जोरदार)! पाठीमागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली ती मला ऐकू आली. मावशी माइकवर येऊन विचारत होती जेवलास का, तिला सांगितलं तू बोलू शकत नाहीस, लायसन्स नाहीये, तर ती लांबूनच ओरडली तेही ऐकू आलं. तीन महिने झाले होते या दिवसाला.

एक शंका, साडेसहाला न लागण्यात जुन्या तारेचाच दोष होता का वेळेचाही?

---

चरई_जुना_तारवाला:

वाचून डोळे भरून आले राव.

वेळेचाही. कोल्हापूर हवाई अंतराने तीनशे किलोमीटर, एवढ्या जवळ जायला सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या, रेडिओ लहरी परत पाठवणाऱ्या थरांवरून) खाली यावा लागतो. गच्चीला तुमचा डायपोल अगदी बुटका आहे म्हणून तो वरच फेकतो, त्या अर्थाने तुमच्या कामाला उत्तम. पण रात्रभर ऊन नसतं, पहाटे त्यातला वरचा एफ लेअर सगळ्यात विरळ झालेला असतो, सरळ वर गेलेला ७ मेगाहर्ट्झ परतच येत नाही, पार निघून जातो. सूर्य वर आला की दोन-तीन तासात घट्ट होतो. तेव्हा रविवारची वेळ साडेआठच्या पुढे ठेवा, नऊ उत्तम. अगदी भर दुपारी खालच्या डी लेअरमधे सिग्नल शोषला जाऊन थोडा कमी येईल पण तीनशे किलोमीटरला चालून जातं.

आता पावसाचं आत्ताच सांगून ठेवतो. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमधे येऊरच्या बाजूने ढग आले की विजा आधी होतात, पाऊस नंतर. वापर नसेल तेव्हा कोअॅक्स सेटपासून काढून खिडकीच्या बाहेर ठेवायची सवय लावा, आत जमिनीवर टाकून ठेवू नका. बिल्डिंगच्या लाइटनिंग अरेस्टरला स्वतः काही जोडायला जाऊ नका. वर फीडपॉइंटच्या कनेक्टरला सेल्फ अमाल्गमेटिंग टेप ताणून गुंडाळा आणि त्याच्यावर साधी काळी टेप, नुसतं सिलिकॉन लावलं तर खाडीची हवा आत जाते आणि पुढच्या वर्षी जाळी हिरवी झालेली दिसते. खिडकीतून आत येण्याआधी कोअॅक्सला खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, भिंतीतून घरात येणार नाही.

---

सीवूड्स_लूप:

रविवारी नऊला कुठल्या फ्रिक्वेन्सीवर असता? ४० वर मी बोलू नाही शकणार पण लूपवर ऐकेन नक्की, आणि रिपोर्ट इथे टाकेन.

---

वर्तकनगर_तार:

७.०९० च्या आसपास ताई, मोकळी नसेल तर ५ किलोहर्ट्झ वर. बरोबर नऊ. मावशीला सांगून ठेवतो नवी मुंबईतून पण कुणी ऐकतंय.